गोठ्याआधीचा थांबा

माझ्या धंद्याचा कच्चा माल सकाळी दहाच्या सुमाराला हाताला चटका बसेल इतका गरम असतो आणि पुण्याच्या मे महिन्यात दिवे लागायच्या आत आंबायला लागतो. जे काही करायचं ते या दोन वेळांच्या मध्ये. बिअर बनवताना उरलेल्या सातूच्या चोथ्याचं पीठ करून विकायला लागल्यापासून पोषणशास्त्र, सरकारी नियम, गिऱ्हाइकांचे स्वभाव असं बरंच शिकायला मिळालं. पण सगळ्यात आधी शिकले ते घड्याळ बघायला.

पुण्यात 2009 साली डूलॅली ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक निघाली. मग शहराच्या चहूबाजूंना जागच्या जागी बिअर करून विकणारी ठिकाणं झाली. तिथे बसणाऱ्यांना काचेपलीकडच्या चकचकीत टाक्या दिसतात. मागच्या दाराने बाहेर पडणारी पिंपं दिसत नाहीत. हजार लिटर बिअरमागे दोनशे किलोंच्या आसपास ओला चोथा निघतो. जगभराची बेरीज वर्षाला साडेतीन-चार कोटी टनांवर जाते.

हा चोथा म्हणजे नेमकं काय, हे मला अजूनही जवळपास रोज कुणाला तरी सांगावं लागतं. नाचणीचं सत्व घरी केलेल्या बायकांना मात्र ते लगेच कळतं. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, झाला माल्ट. तो भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवला, की मोड येताना तयार झालेली विकरं पिठुळ भागाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून पुढे उकळायला जातं, त्यात हॉप्स पडतात, गार झाल्यावर यीस्ट पडतं आणि मग कुठे मद्य तयार होतं. मागे राहतं ते साखर निघून गेलेलं धान्य: टरफल, प्रथिनं, तंतू आणि थोडा स्निग्धांश. या धान्याची आणि यीस्टची कधी गाठच पडत नाही, त्यामुळे त्यात अल्कोहोल असायचं कारण नाही.

मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. बरीच वर्षं एका बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासण्याचं काम केलं. तिथे मैद्याशिवाय दुसरं पीठ क्वचितच बघायला मिळे. ओळखीतल्या एका ब्रुअरने एकदा पिशवीभर ओला चोथा घरी आणून दिला तेव्हा त्याचा वास आवडला, भाजलेल्या धान्याचा, किंचित गोडसर. कागदावरचे आकडे तर त्याहून आवडले. वाळवलेल्या चोथ्यात वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं आणि जवळजवळ निम्मे तंतू. गव्हाच्या कणकेत दोन्ही साधारण अकरा-अकरा टक्के. शिवाय लायसिन हे अमिनो आम्ल, जे गव्हात कमी पडतं, ते यात जरा बरं. एवढं सगळं असलेलं धान्य लोक फेकून देतात, या विचाराने मी भारावून गेले होते.

फेकून वगैरे कुणी देत नव्हतं. ते मला गोठेवाल्या काकांनी शिकवलं.

ब्रुअरीच्या मागे रोज त्यांचा टेम्पो लागायचा. सगळी पिंपं त्यांच्या म्हशींकडे जायची आणि बदल्यात ब्रुअरीचं आवार साफ राहायचं. मी पिंपं मागायला गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही नेणार, मग मी पेंड कुठून आणू?" मी त्यांना पर्यावरणावर काहीतरी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठा बघायला बोलावलं. तिथे मोठ्या पिंपांत चोथा पायाने दाबून, वर प्लास्टिक अंथरून, त्यावर माती आणि दगड टाकून ठेवलेला होता. हवा लागली नाही तर तो मुरघासासारखा टिकतो, हे ते कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते. नुसता चोथा घातला तर जनावराचं रवंथ बिघडतं, म्हणून ते कडब्याची कुट्टी मोजून मिसळत. वरचा पांढरी बुरशी आलेला थर ते सरळ उकिरड्यावर टाकत. "हे घातलं की गाभडते" असं त्यांचं मत. मी ज्याला शोध समजत होते ते त्यांच्या घरी दोन पिढ्या चालू होतं, कारण त्यांचे वडील मोठ्या ब्रुअरीच्या ठेकेदाराकडून हाच माल घ्यायचे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात तर हा चोथा म्हणजे दुधाच्या धंद्याचा ठरलेला भाग आहे.

तेव्हापासून 'वाया जाणारं अन्न वाचवतो' हे वाक्य मी माझ्या पाकिटावरून काढलं. वाचवणारे आधीच होते. आम्ही फक्त त्यांच्याआधी एक थांबा घेतो: टाकीतून निघालेला पहिला, गरम, स्वच्छ माल आमचा आणि उरलेला सगळा काकांचा. आमच्या हिश्श्याच्या बदल्यात त्यांना सरकीची पेंड देते. हा सौदा आजही तसाच आहे, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच.

आता त्या 'स्वच्छ' शब्दाबद्दल. ब्रुअरीच्या दृष्टीने चोथा हा संपलेला माल असतो. टाकीचं दार उघडून फावड्याने तो खाली ओढतात. ते फावडं त्याआधी फरशीवर पडलेलं असू शकतं. पिंपं बहुतेक निळी, आणि निळं पिंप आधी कशाचं होतं याची चौकशी कुणी करत नाही. एका ठिकाणी आम्हाला मिळणार होती ती पिंपं टाक्या धुण्याच्या कॉस्टिकची निघाली. म्हशीसाठी विसळून चालतात, असं उत्तर मिळालं. खरं तर म्हशीसाठीही चालू नयेत. तिथून आम्ही माल घेतला नाही. आता आमची स्टीलची पातेली, आमचं फावडं आणि आमचा माणूस टाकीपाशी उभा असतो.

दुसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात मला आधी सापडली नव्हती. गव्हाची बिअर करताना गाळण तुंबतं, कारण गव्हाला टरफल नसतं आणि टरफलांच्या थरातूनच ते गोड पाणी झिरपत असतं. म्हणून काही ब्रुअर त्यात भाताचं तूस मिसळतात. बिअरच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण ते तूस पिठात आलं तर दाताखाली वाळू आल्यासारखं लागतं. त्यात सिलिका भरपूर असते. एका बॅचचं पीठ दोनदा चाळूनही खरखरीत का राहिलं याचा आम्ही डोकं धरून विचार करत होतो, तेव्हा ब्रुअर सहज म्हणाला, "अरे हो, त्या दिवशी तूस घातलं होतं." त्यानंतर प्रत्येक बॅचला पहिला प्रश्न तोच. तूस घातलेली बॅच सरळ गोठ्यात. न घातलेली गव्हाची बॅच मात्र सोनं. तिचं पीठ मऊ पडतं. स्टाउट या काळ्या बिअरच्या काळपट भाजलेल्या माल्टचा चोथा कडवट असतो, तो पोळीत चालत नाही, पण कोको घातलेल्या बिस्किटांत झकास लागतो. चोथा चोथ्यासारखा नसतो, आणि 'बिअरच्या चोथ्याचं पीठ' म्हणून सगळं एकत्र दळणाऱ्यांचा माल दर महिन्याला वेगळा का लागतो, याचं कारण हेच.

वाळवणं हा या धंद्याचा कणा आहे आणि खर्चाचा खड्डाही. ओल्या चोथ्यात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणजे दोनशे किलो ओलं आणलं तर हाती लागणार पन्नासेक किलो. आधी ते कापडात घालून दाबयंत्रात पिळायचं, मग पातळ थर देऊन ट्रे-ड्रायरमध्ये साठ-सत्तर अंशांना ठेवायचं. ढीग करून ठेवलेला चोथा आतून तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना याहून चांगली जागा नाही. आंबट वास आला तर धुऊन, भाजून काही होत नाही. बुरशीची काही विषं तर भट्टीच्या आचेलाही दाद देत नाहीत. म्हणून वास बदलला की माल गेला, त्यावर चर्चा नाही. हे माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींना समजावणं सुरुवातीला जड गेलं, कारण आपल्याकडे अन्न टाकायचं नाही हा संस्कार पक्का. "ताई, थोडंसंच आंबलंय, आंबोळ्या होतील की" असं एक जण कळवळून म्हणाली होती. आंबोळीचं पीठ आपण ठरवून आंबवतो. इथे कोण आंबवतंय हे आपल्याला माहीत नसतं.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर वाळवणं घातली. एप्रिलमध्ये जमलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ आलं आणि सगळी चटई आत-बाहेर करण्यात दिवस गेला. पावसाळ्यात पुण्याची हवा इतकी ओली असते, की वाळलेलं पीठही उघडं राहिलं तर पाणी ओढून घेतं. तेव्हा ड्रायरला पर्याय नाही आणि ड्रायरच्या विजेला सूट नाही. लोक विचारतात, कच्चा माल जवळजवळ फुकट, मग पीठ इतकं महाग का? तुम्ही पिठाचे पैसे देत नाही, पाणी उडवण्याचे देता.

दळण्याचीही एक कथा झाली. सुरुवातीला माल कोपऱ्यावरच्या गिरणीत न्यायचो. गिरणीवाले दादा सज्जन माणूस. पण आमच्यानंतर आलेल्या एका बाईंच्या ज्वारीला 'कसला तरी वास' लागला आणि गल्लीत बभ्रा झाला, की गिरणीत दारूचं धान्य दळतात. दादा म्हणाले, "मला पटतंय तुमचं, पण मी किती जणांना पटवू?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही छोटा पल्व्हरायझर घेतला. आज त्याच गल्लीतल्या दोन घरांत आमची भाजणी जाते, पण ती गिरणी पुन्हा कधी विचारायला गेले नाही.

स्वयंपाकघरात या पिठाने आम्हाला बरंच नाचवलं. ते पाणी पितं आणि मागत राहतं. पावात वीस टक्क्यांच्या वर घातलं की पाव फुगायचं नाव घेत नाही, कारण तंतू गव्हाच्या ग्लुटेनची जाळी तोडतात. चकली तेलात पडली की विस्कटते. शेव तर विसराच. बारीक टरफल सोऱ्याच्या जाळीत अडकतं आणि दांडा फिरवणारीचा हात दुखून येतो. भाकरीत थोडं चालतं, पण थापताना कडा फाटतात. आणि मग थालीपीठ. भाजणीत आधीच चार धान्यं, दोन डाळी, धणे-जिरे असतात. त्यात पंधरा टक्के हे पीठ मिसळलं तर घरच्यांना कळतही नाही, उलट खमंगपणा वाढतो. डाळी असल्यामुळे प्रथिनांचा समतोलही जमतो. थालीपिठाला फुगायचं नसतं, ताणायचं नसतं, भेगा पडल्या तरी त्यात तेल सोडायची सोय होते. जर्मनीतले बेकर या चोथ्याचा पाव करतात, अमेरिकेत रीग्रेन्ड नावाच्या कंपनीने त्याचे बार काढले, बंगळुरूत सेव्हिंग ग्रेन्सने पिठावर काम केलं. ते सगळं वाचून मी बरेच पाव जाळले. मराठी घराला मात्र या पिठाची सगळ्यात सोपी जागा भाजणीतच आहे. त्याखालोखाल खाकरा आणि नानकटाई.

विकायला उभं राहिलं की वेगळीच परीक्षा. डिसेंबरातल्या भीमथडी जत्रेत एका आजींनी थालीपीठ चाखलं, दोन पाकिटं उचलली, मग पाकिटावरचं वाचलं आणि दोन्ही परत ठेवली. रागावल्या नाहीत, "आमच्यात चालत नाही गं" एवढंच. त्यांना यीस्ट आणि अल्कोहोलचं सांगून पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "समजलं. तरी नको." एका मुस्लिम गृहस्थांनी हे त्यांना चालेल का असं विचारलं, तेव्हा धान्य कुठून येतं आणि कुठल्या टप्प्यावर काढतो हे सांगितलं, निर्णय त्यांचा. उपवासाला चालतं का, असं तर दर श्रावणात कुणी ना कुणी विचारतंच. एका व्यापाऱ्याने सल्ला दिला होता, की पाकिटावर 'माल्टेड बार्ली पीठ' लिहा, बिअरचं नाव कशाला? काही जण तसं लिहितातही. मला ते पटत नाही. ज्या माणसाला बिअर या शब्दाचीच अडचण आहे, त्याच्या ताटात ते न सांगता वाढायचा अधिकार मला नाही. शिवाय माल्टेड बार्लीचं पीठ ही वेगळी वस्तू आहे. त्यात साखर आणि पिठुळपणा शाबूत असतो, यात नसतो. आमच्या पाकिटावर पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: बिअर बनवताना उरलेल्या सातूचं पीठ. गिऱ्हाईक त्याने कमी झालं असेल. भांडण एकही झालं नाही.

आरोग्याच्या बाबतीत मात्र मला जास्त सांभाळून बोलावंसं वाटतं, कारण या वाटेवर सगळ्यात जास्त ढकलाढकली तिथेच झाली. पीठ नियमाने खाणाऱ्या एका काकांची साखर कमी झाली. त्यांनी मला हाराशिवाय सगळं दिलं आणि वर आग्रह धरला, की 'मधुमेहावर गुणकारी' असं छापा. त्यांनी त्याच महिन्यांत संध्याकाळचं चालणंही सुरू केलं होतं, हे काकू हळूच बोलून गेल्या. तंतू जास्त आणि साखर-पिष्ट कमी असलेलं पीठ मिसळल्याने जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढायला मदत होते, हे म्हणायला जागा आहे. पण पंधरा टक्क्यांच्या भाजणीत उरलेले पंच्याऐंशी टक्के नेहमीचंच धान्य असतं. साठ ग्रॅम भाजणीच्या एका थालीपिठात आमचं पीठ नऊ ग्रॅम. त्यातून नेहमीपेक्षा साडेतीनेक ग्रॅम तंतू जास्त मिळतात. दोन हजार कॅलरींच्या आहारात तीस ग्रॅमच्या आसपास तंतू असावेत असं आपल्याकडचे पोषणतज्ज्ञ सांगतात. म्हणजे फायदा आहे, आणि तो एवढा आहे.

नियमही गमतीचे आहेत. शंभर ग्रॅममागे सहा ग्रॅम तंतू असले की पाकिटावर 'भरपूर तंतू' असा दावा करता येतो. साधी कणीकही त्यात बसते! त्यामुळे दुकानात हे शब्द वाचून कुणी हुरळून जाऊ नये, आमच्या पाकिटावर वाचूनसुद्धा.

एकदा एका आईचा फोन आला. मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार. तिने कुठेतरी वाचलं होतं, की बिअरच्या चोथ्याचा या आजारात उपयोग होतो. ते वाचलेलं खोटं नव्हतं. जपानमधल्या किरिन या बिअर कंपनीच्या संशोधकांनी चोथ्यातून टरफल वेगळं काढून प्रथिनं आणि मऊ तंतू असलेला भाग बाजूला केला, आणि सौम्य ते मध्यम आजार असलेल्या रुग्णांना औषधांच्या जोडीला तो देऊन पाहिला. आतड्यातले जिवाणू हे तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, ते आतड्याच्या अस्तराला पोसतं, असा त्यामागचा विचार. चाचण्या लहान होत्या, निष्कर्ष आशादायक होते. पण तो पदार्थ आणि आमचं पीठ यांत फार अंतर आहे. आमच्या पिठात टरफल आहे, आणि आतड्याला सूज असताना खरबरीत टरफल त्रासच देईल. मी त्या बाईंना पीठ पाठवलं नाही. डॉक्टरांना विचारा म्हटलं. आमच्याकडच्या एका मुलीला ते पटलं नाही. "ऑर्डर होती ना ताई," ती म्हणाली. तिच्याशी त्यावर बराच वेळ बोलले, कारण असे फोन पुढे तीच घेणार होती.

खाणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक दोनच असतात. एक, पोट फुगलं. हे नव्या माणसाला होतंच. पहिल्याच दिवशी तीन थालीपिठं खाल्ली तर हमखास. दोन, पीठ खवट झालं. चोथ्यात आठ-दहा टक्के स्निग्धांश असतो आणि तो लवकर बिघडतो. उन्हाळ्यात ओट्यावरच्या डब्यात ठेवलेलं पीठ महिन्याभरातच वास मारायला लागतं. काही दुकानदार उन्हात पडलेल्या काचेच्या कपाटात ही पाकिटं मांडतात, त्यांना आम्ही माल देणं बंद केलं.

तेव्हा कुणाकडूनही हे पीठ घेणार असाल तर आधी पाकिटावरची तारीख बघा, घरी आल्यावर फोडून वास घ्या. भाजलेल्या धान्याचा वास आला पाहिजे. आंबट किंवा तेलकट आला तर परत करा. डबा फ्रीजमध्ये ठेवा. भाजणीत सहाव्या-सातव्या हिश्श्याहून जास्त घालू नका, आठवडाभर अर्ध्यानेच सुरुवात करा आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. घरात कुणाला सीलिअॅक आजार असेल तर हे पीठ घरात आणूच नका. सातूतही ग्लुटेन असतं, आणि कितीही वेळा धुतलं, गाळलं, भाजलं तरी ते जात नाही.